धीर धरावा तरी किती ?

गेल्या कांहीं वर्षांत ठाणें, कल्याण, डोंबिवली या गांवांत ज्यांचें येणेंजाणें झालें असेल त्यांच्या नजरेस एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. ठाण्याच्या नौपाड्यांत जा, नाहीं तर डोंबिवलीच्या टिळकनगरांत जा; कोठें ना कोठें तीन मजल्यांची जुनी इमारत पाडलेली असते, भोंवतीं पत्रे उभे केलेले असतात आणि त्या पत्र्यांवर एका उत्तुंग इमारतीचें रंगीत चित्र लावलेलें असतें. या चित्रांतलें आकाश नेहमीं निळें असतें. जुन्या इमारतींतील बिऱ्हाडें आसपास भाड्याच्या जागांत पांगलेलीं असतात. आणि त्यांपैकीं एखादे सेवानिवृत्त गृहस्थ संध्याकाळीं फिरावयास निघाले म्हणजे पत्र्याच्या फटींतून आंत डोकावून पाहतात. पाया किती खणला, खांब किती वर आले, याचा रोजचा हिशेब त्यांच्यापाशीं तयार असतो.

मला आज बोलावयाचें आहे तें मात्र क्रिकेटविषयीं. घरबांधणीची आठवण निघाली ती आमच्या शेजारच्या एका गृहस्थांमुळें. त्यांची डोंबिवलींतील इमारत पाडली गेली तेव्हां ते सहकुटुंब आमच्या शेजारीं भाड्यानें राहावयास आले. आणि त्याच सुमारास, म्हणजे २०२२ सालच्या आरंभीं, त्यांचा आवडता क्रिकेट-संघहि पुनर्बांधणीसाठीं मोडण्यांत आला. एकाच माणसाच्या नशिबीं एकाच वेळीं दोन पुनर्बांधण्या ! पहिलीबद्दल ते अगदीं शांत होते. दुसरीनें मात्र त्यांची झोंप उडविली. असें कां व्हावें, याचा मी त्या वेळेपासून विचार करीत आलों आहें.

संघ अर्थातच मुंबई इंडियन्स. २००८ सालीं सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीग स्पर्धेंत या संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशा पांच वेळां विजेतेपद मिळविलें, आणि पांचहि वेळां कर्णधार रोहित शर्मा होता. रोहितचा जन्म नागपूरचा. पण त्याचे आईवडील डोंबिवलीस एका खोलींत राहत आणि तो बोरिवलीस आजोबा व काका यांच्याकडे वाढत असतांना सुटीच्या दिवशीं आईवडिलांकडे येई. एवढें नातें आमच्या गांवाला पुरेसें होतें. आमचे शेजारी तर तो जणूं शेजारच्या दारांतून बॅट घेऊन बाहेर पडला असावा अशा सुरांत बोलत.

आतां हा संघ मोडला कां, तें सांगितलें पाहिजे. या स्पर्धेचा नियमच असा आहे, कीं दर कांहीं वर्षांनीं सारे खेळाडू पुन्हां लिलावास निघतात. माणसांचा लिलाव हा शब्द मीं प्रथम ऐकला तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला होता. पण संवय ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. आतां मीहि आंकडे विचारतों. २०२१ च्या अखेरीस प्रत्येक जुन्या संघास फार तर चार खेळाडू राखून ठेवतां येत होते. एकंदर खर्चास मर्यादा नव्वद कोटि रुपयांची. मुंबईनें रोहितला सोळा, जसप्रीत बुमराला बारा, सूर्यकुमार यादवला आठ आणि कायरन पोलार्डला सहा कोटि देऊन चौघांना ठेविलें. बेचाळीस कोटि तेथेंच संपले, उरले अठ्ठेचाळीस. हार्दिक आणि कृणाल हे पंड्या बंधु गेले, न्यूझीलंडचा ट्रेंट बोल्ट गेला, दक्षिण आफ्रिकेचा क्विंटन डी कॉक गेला. विजयाच्या वर्षांत ज्यांच्या नांवानें आमच्या चौकांतलीं पोरें एकमेकांना हांका मारीत, तीं नांवें निरनिराळ्या गांवीं विखुरलीं.

फेब्रुवारी २०२२ मध्यें बंगळूरास लिलाव झाला. मुंबईनें इशान किशनला सव्वापंधरा कोटि रुपयांस परत घेतलें. त्या लिलावांतील ती सर्वांत मोठी बोली होती. त्यानंतर इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर याला आठ कोटींना घेतलें. आर्चर दुखापतीमुळें त्या वर्षीं खेळणार नाहीं, हें सर्वांना ठाऊक होतें. संघालाहि ठाऊक होतें. म्हणजे हातीं उरलेल्या अठ्ठेचाळीस कोटींपैकीं सव्वातेवीस कोटि, जवळजवळ अर्धी रक्कम, दोघां खेळाडूंवर गेली आणि त्यांतला एक त्या हंगामांत मैदानावर उतरणारहि नव्हता. ही योजना मूर्खपणाची होती असें मी म्हणणार नाहीं. बुमरा एका टोंकाकडून आणि आर्चर दुसऱ्या टोंकाकडून, हें चित्र कोणासहि मोह पाडील असें होतें. पत्र्यावरचें चित्रच तें ! आकाश निळेंच होतें.

त्या वर्षीं साखळीचे सर्व सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणें येथेंच झाले. आमच्या बाजूच्या लोकांची मोठी सोय झाली. वानखेडेवर जावयाचें म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडावयाची, आणि परततांना मध्यरात्रीच्या गाडींत उभ्यानें पेंगत यावयाचें, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मात्र ठाण्याहून सरळ गाडी जाते. शेजारचे गृहस्थ थोरल्या मुलास घेऊन २१ एप्रिलला नेरूळास गेले. समोर चेन्नईचा संघ होता. शेवटच्या चार चेंडूंत सोळा धांवा हव्या होत्या आणि महेंद्रसिंग धोनीनें त्या केल्या. मुंबईचा तो लागोपाठ सातवा पराभव. तीन दिवसांनीं वानखेडेवर आठवा झाला. पहिला विजय आला तो ३० एप्रिलला, नेरूळासच, नेमका रोहितच्या वाढदिवशीं. त्या दिवशीं आमचे शेजारी गेले नव्हते. आपण घरीं राहिलों म्हणून संघ जिंकला, अशी त्यांची कांहीं दिवस प्रामाणिक समजूत होती.

चौदा सामन्यांत चार विजय. दहा संघांत दहावा क्रमांक. आणि विजेता कोण ? नव्यानें निघालेला गुजरातचा संघ. त्याचा कर्णधार कोण ? आपण सोडून दिलेला हार्दिक पंड्या.

त्या सुमारास एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही जिन्याशीं बोलत उभे होतों. मी त्यांना सहज म्हणालों, “अहो, खेळांत हार-जीत चालायचीच. तुमची इमारत पाडली तेव्हां तुम्ही एवढे अस्वस्थ झालां नाहीं.”

ते म्हणाले, “इमारतीची गोष्ट निराळी. माझ्या हातांत करारनामा आहे. दरमहा भाडें मिळतें. सभेला बोलावतात. तिसरा स्लॅब कधीं पडणार, म्हणून उठून विचारतां येतें. उत्तर खोटें कां असेना, कोणाला तरी द्यावें लागतें. यांना मीं विचारायचें तें कोणाला, आणि कोठें जाऊन ?”

माझ्या मतें या एका वाक्यांत साऱ्या संतापाचें मूळ आहे. प्रेक्षक पराभवाला भीत नाहीं. उलट पराभव सोसण्यांत त्याला एक प्रकारची प्रतिष्ठाहि वाटते. वाईट दिवसांतहि मी सोडून गेलों नाहीं, असें त्याला पुढें सांगतां येतें. त्याला सलतें तें हें, कीं धीर धरा असें सांगणारा कशासाठीं आणि कोठवर, हें सांगत नाहीं.

२०२३ सालीं कांहीं काळ तरी वाटलें, कीं एखादा स्लॅब पडला. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरन ग्रीन साडेसतरा कोटींस आणला होता. त्यानें हैदराबादविरुद्ध शतक ठोकलें आणि संघ अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे पोंचला. ज्याच्यासाठीं वर्षभर वाट पाहिली तो आर्चर मात्र पांच सामने खेळून मायदेशीं परतला. पण त्या वर्षाची खरी आठवण निराळीच आहे. ८ एप्रिलला वानखेडेवर मुंबईची गांठ चेन्नईशीं पडली. चेन्नईच्या तुषार देशपांडेनें रोहितचा त्रिफळा उडविला. हा तुषार कल्याणचा. फलंदाजांची रांग लांब दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेंत जाऊन उभा राहिलों, असें त्यानें आपल्या पहिल्या निवडचांचणीविषयीं सांगितलें आहे. मग चेन्नईकडून अजिंक्य रहाणे खेळावयास आला. हा डोंबिवलीचा, रिक्षाचें भाडें परवडत नसे म्हणून त्याची आई त्याला पायीं सरावास नेत असे, हें आमच्या गांवांत लहान मुलांनाहि माहीत आहे. त्यानें सत्तावीस चेंडूंत एकसष्ट धांवा कुटल्या आणि मुंबई सात गडी राखून हरली.

सोमवारीं सकाळच्या गाडींत डब्यांत जें बोलणें चाललें होतें तें ऐकण्यासारखें होतें. आनंद मानावा कीं दुःख, हेंच कोणास ठरवितां येईना. कल्याणच्या पोरानें डोंबिवलीशीं नातें असलेल्या कर्णधाराला बाद केलें आणि डोंबिवलीच्या पोरानें सामना जिंकून दिला. पण जिंकली चेन्नई! एक जण म्हणाला, “आपलेच जिंकले.” दुसरा म्हणाला, “आपलेच हरले.” दोघेहि बरोबर होते. लिलावानें संघ मोडतां येतो, माणसें इकडचीं तिकडे नेतां येतात. आपलें म्हणण्याची संवय मात्र लिलावांत निघत नाहीं.

या ठिकाणीं थोडा वेळ समुद्रापलीकडे जाऊं. संघाची पुनर्बांधणी हा शब्द जितका अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या शौकिनांच्या तोंडीं आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या असेल. तेथें शेवटच्या क्रमांकांच्या संघांना पुढच्या वर्षींचे उत्तम तरुण खेळाडू आधीं निवडण्याची अधिक संधि मिळते. तेव्हां फिलाडेल्फिया शहराच्या संघानें २०१३ पासून उघडउघड असें धोरण ठेविलें, कीं चांगले खेळाडू देऊन टाकावे, हरत राहावें आणि तरुण रक्त गोळा करावें. २०१५-१६ च्या हंगामांत तो संघ ब्याऐंशी सामन्यांपैकीं अवघे दहा जिंकला. प्रेक्षकांनीं त्या हरण्यालाच घोषवाक्य बनविलें, या प्रक्रियेवर विश्वास ठेवा म्हणून. पुढें संघ चांगला झाला, नाहीं असें नाहीं. पण २००१ सालीं गांठलेली उपांत्य फेरी त्याला २०२५ पर्यंत पुन्हां गांठतां आली नाहीं. विश्वास ठेवणाऱ्यांचे केंस पिकले.

तरी मला त्या फिलाडेल्फियाकरांचा हेवा वाटतो. त्यांच्या हरण्याला निदान गणित होतें. आज शेवटचे आलों तर उद्यां पहिला खेळाडू निवडावयास मिळण्याची आशा होती. आपल्या लीगमध्यें तसें कांहीं नाहीं. दहावा आला काय आणि पांचवा आला काय, लिलावांत सर्वांची थैली सारखीच. शेवटच्या क्रमांकाचें फळ म्हणजे शेवटचा क्रमांक. शिवाय तुम्ही एखादें रोप लावावें, पाणी घालावें, आणि तें फुलूं लागतें न लागतें तों नवा लिलाव यावा ! सगळींच रोपें अशीं जात नाहींत, हें खरें. अवघ्या एक कोटि सत्तर लाखांस घेतलेल्या तिलक वर्मानें २०२२ च्या त्या काळ्या वर्षींहि ३९७ धांवा केल्या आणि पुढें संघानें त्याला आठ कोटींस राखलें. पण एका तिलकवर संघ उभा राहत नाहीं.

नोव्हेंबर २०२३ मध्यें ग्रीनला बंगळूरच्या संघाकडे देण्यांत आलें आणि हार्दिकला गुजरातकडून परत आणलें. १५ डिसेंबरला जाहीर झालें, कीं रोहितऐवजीं हार्दिक कर्णधार. हा निर्णय चूक कीं बरोबर, याचा निकाल मी देत नाहीं. रोहितचें वय वाढत होतें; हार्दिकनें गुजरातला दोन वर्षांत एकदां विजेतेपद व एकदां अंतिम सामना मिळवून दिला होता. कागदावर पाहिलें तर युक्तिवाद बिनतोड दिसतो. आमच्या शेजाऱ्यांनीं मात्र त्या रात्रीं दूरदर्शनचा पडदा बंद केला आणि म्हणाले, “बिल्डर बदलला तरी नोटीस येते हो.”

मग आला २०२४ चा हंगाम. १ एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध घरचा पहिला सामना होता. नाणेफेकीला हार्दिक आला आणि साऱ्या मैदानानें त्याची हुर्यो उडविली. सूत्रसंचालन करणारे संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांस नीट वागण्याची विनंति करावी लागली. आणि त्याच संध्याकाळीं राजस्थानकडून कोण गोलंदाजी करीत होता ? ट्रेंट बोल्ट ! रोहित, नमन धीर आणि डेवाल्ड ब्रेव्हिस या तिघांना त्यानें प्रत्येकीं पहिल्याच चेंडूवर परत धाडलें. सोडून दिलेलीं माणसें अशीं मोजून व्याज वसूल करीत होतीं. त्याच सामन्यांत, हुर्यो चालूच आहे हें पाहून सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितनें प्रेक्षकांस हातानें खूण केली, कीं थांबवा हें. ज्याच्यासाठीं लोक ओरडत होते तोच ओरडूं नका म्हणत होता.

हंगाम संपला तेव्हां आंकडे असे होते : चौदा सामने, चार विजय, दहावा क्रमांक. श्रोत्यांपैकीं कोणाला हे आंकडे ओळखीचे वाटले असतील. २०२२ चेहि तंतोतंत हेच होते. तेव्हां कर्णधार रोहित होता, आतां हार्दिक. तेव्हां रोहितची हुर्यो कोणीं उडविली नव्हती. एकच निकाल दोन निरनिराळ्या कर्णधारांच्या हातून लागत असेल तर दोष कर्णधारांत शोधण्यांत कितीसा अर्थ आहे ? ज्यांनीं खेळाडू निवडले, ज्यांनीं कोटींचे हिशेब मांडले, ज्यांनीं भविष्यकाळाचें चित्र रंगविलें, ते लिलावाच्या टेबलाशीं वर्षांतून एकदां दिसतात. हार्दिक मात्र समोर दिसतो, आणि तोहि तीन बाजूंनीं कॅमेरे लावून दिसतो. गवंडी समोर असला म्हणजे कंत्राटदाराच्या वांट्याच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. आमच्या रागाला बळ होतें, पण नेम नव्हता. आमच्या म्हणतों, कारण घरांत बसून मीहि त्या संध्याकाळीं दोन शब्द बोललों होतों, आणि ते येथें सांगण्यासारखे नव्हते.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हीच मंडळी ज्या मार्च महिन्यांत हार्दिकच्या नांवानें दांतओंठ खात होती, त्याच मार्चच्या १४ तारखेस त्याच वानखेडेवर मुंबईनें विदर्भाचा १६९ धांवांनीं पराभव करून रणजी करंडक जिंकला. तो बेचाळिसावा. एकेचाळिसावा २०१५-१६ सालीं मिळाला होता. मधलीं आठ वर्षें कोरडीं गेलीं. २०२३ च्या जानेवारींत तर ब्रेबोर्नवर महाराष्ट्र आणि मुंबई दोघांचेहि पहिले डाव ३८४ वर संपले, सामना अनिर्णीत राहिला आणि दोघेहि स्पर्धेबाहेर गेले. या संघाचीहि पुनर्बांधणीच चालली होती. फरक एवढाच, कीं त्याचीं माणसें लिलावांतून येत नाहींत, मैदानांतून येतात. करंडक उंचावणारा कर्णधार डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे. बडोद्याविरुद्धच्या सामन्यांत दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियननें नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेनें १२३ धांवा केल्या; शेवटच्या जोडीची भागीदारी २३२ धांवांची ! कल्याणच्या पोराचें तें शतक पाहावयास आमच्या गाडींतले किती जण गेले होते ? मी गेलों नव्हतों. शेजारीहि गेले नव्हते. आठ वर्षें त्या संघानें आमच्याकडे धीर मागितला नाहीं, कारण आमचें तिकडे लक्षच नव्हतें.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्यें विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षट्क हार्दिकनें टाकलें, कर्णधार रोहित होता, आणि भारत सात धांवांनीं जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला, आणि ज्या वानखेडेवर तीन महिन्यांपूर्वीं हुर्यो उडाली होती तेथेंच हार्दिकच्या नांवाचा जयघोष झाला. शेजाऱ्यांचा थोरला मुलगा त्या गर्दींत होता. रात्रीं शेवटच्या गाडीनें तो घरीं आला तेव्हां त्याच्या पायांत एकच चप्पल होती आणि आवाज पार बसला होता. मीं त्याला विचारलें, “काय रे, एप्रिलांत तूं काय ओरडत होतास ?” तो हंसला आणि म्हणाला, “काका, तें वेगळें होतें.”

त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या लिलावांत मुंबईनें ट्रेंट बोल्टला परत घेतलें, साडेबारा कोटींस. २०२५ सालीं पहिल्या पांच सामन्यांत चार पराभव झाले, मग लागोपाठ सहा विजय आले, आणि १ जूनला अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे पंजाबनें वाट अडविली. म्हणजे पुन्हां २०२३ च्याच पायरीवर.

त्याच पावसाळ्यांत शेजाऱ्यांची इमारत पुरी झाली. ठरल्या मुदतीपेक्षां एक वर्ष उशीर लागला. सामान बांधावयास मी मदतीला गेलों होतों. कपाटाच्या तळाशीं एक निळा सदरा निघाला. पाठीवर हार्दिकचें नांव. २०१९ सालीं थोरल्यासाठीं घेतलेला, २०२२ मध्यें रागानें तळाशीं गेलेला, आणि हार्दिक परत आला तोंवर थोरल्याला लहान झालेला. मधल्या काळांत धाकट्यानें तो घातला होता. आतां त्यालाहि होईना. वहिनींनीं तो उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “नव्या घरांत लाद्या पुसायला फडकें लागेलच.” शेजारी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तो सदरा वहिनींच्या हातांतून घेतला, चौपदरी घडी घातली, आणि ज्या ट्रंकेंत घराचा करारनामा ठेवला होता त्या ट्रंकेंत ठेवून दिला.